शिंगाडे, मोमो आणि परतीचा रस्ता

दिवाळी संपली, ऑफिसात चार दिवसांची रजा टाकली आणि महाराष्ट्र एक्स्प्रेसनं पुण्याहून थेट गोंदिया गाठलं. तिथून पुढे कामठा, म्हणजे नवऱ्याचं गाव. याआधी बऱ्याचदा आलोय, पण या वेळी बर्थवर तिसरी व्यक्ती होती. आमची लेक. वय वर्षं चार. आमच्या घरी येऊन झालेले दिवस, जेमतेम साठ.

हो, दत्तक. 'कारा'कडे ऑनलाइन नाव नोंदवलं, काही वर्षं नुसती वाट बघितली आणि एके दिवशी लंच अवरमध्ये मोबाइलवर तिचा फोटो आला. ईशान्येकडच्या एका राज्यातली मुलगी. पूर्वी दत्तकाचा आदेश कोर्टातून यायचा, २०२२ पासून तो जिल्हाधिकारी देतात. कागद काय, आज ना उद्या होतात. खरी गंमत आणि खरी परीक्षा त्यानंतर.

कारण तिचा चेहरा आमच्या दोघांच्याही वळणावर नाही. पुण्यात सोसायटीच्या लिफ्टमध्ये प्रश्न येतो, "नेपाळी का?" कामठ्यात शेजारच्या काकूंनी प्रेमानं गालाला हात लावून विचारलं, "पोट्टी चायनाची होय का जी?" मी हसले. लेक माझ्या मागे लपली. ती मला अजून 'आई' म्हणत नव्हती. काही हवं असलं की नुसती ओढणी ओढायची.

कामठा म्हणजे एकेकाळची मोठी जमीनदारी. १८१८ मध्ये इथला जमीनदार चिमणा पटेल इंग्रजांच्या विरोधात उभा राहिला होता. आता आजूबाजूला धानाची शेतं आणि जवळच बिरसीचा विमानतळ. डोक्यावरून विमान गेलं की लेक आधी कान झाकते, मग टाळ्या वाजवते. त्या टाळ्या बघून आम्हाला वाटलं, चला, रुळली! आता हिला फिरवू या. आणि माझ्या डोक्यात एक 'ब्रिलियंट' आयडिया आली.

गोंदिया जिल्ह्यात तिबेटी लोकांची वसाहत आहे, माहितेय? अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगाव-प्रतापगडजवळ. नाव नोर्ग्येलिंग, वसली १९७२ मध्ये. १९५९ नंतर दलाई लामांच्या मागोमाग भारतात आलेल्या निर्वासितांना ठिकठिकाणी जमिनी दिल्या गेल्या, त्यातली ही एक. म्हटलं, तिथे हिच्याकडे कुणी वळून बघणार नाही. एक दिवस तरी तिला सगळे चेहरे आपल्यासारखे वाटतील.

सकाळी गाडी काढली. सासूबाईंनी डबा दिला, मी तिचे दोन जोडी कपडे पिशवीत भरले. गोंदिया, कोहमारा करत पहिला मुक्काम नवेगावबांध. हा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. तलाव बांधावेत तर कोहळ्यांनीच, अशी या भागात त्यांची ख्याती! भोवती टेकड्या, मधे अथांग पाणी, थंडीत आलेले पाहुणे पक्षी. भोवतालचं जंगल १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१३ पासून ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आहे. वाघ काही दिसला नाही. पण उकडलेले शिंगाडे मिळाले. काळं साल, आत पांढरा गर. लेकीनं सोलायला शिकून घेतलं, तिघांचे फोटो झाले. डे सुपरहिट!

मग गोठणगाव. वसाहत दिसायला लागली. वाऱ्यावर फडफडणाऱ्या रंगीत पताका, बौद्ध मंदिर, दारात जपमाळ ओढत बसलेल्या आज्या. हिवाळ्यात तरुण मंडळी स्वेटर विकायला शहरांकडे जातात, त्यामुळे सगळं कसं शांत. मी उत्साहात गाडीचं दार उघडलं.

लेक उतरेना.

आधी वाटलं, झोप आली असेल. मग बघितलं तर तिनं दोन्ही मुठीत माझी ओढणी घट्ट धरली होती. नजर त्या आज्यांकडे, मग सीटवरच्या कपड्यांच्या पिशवीकडे, मग माझ्याकडे. रडणं नाही, आवाज नाही. माझ्या पोटात खड्डा पडला. तिला सांभाळणाऱ्या संस्थेतल्या मावशी तिच्यासारख्याच दिसणाऱ्या. तिथूनच आम्ही तिला अशीच पिशवी घेऊन, अशाच गाडीतून आणलं होतं. आता तसेच चेहरे, तशीच पिशवी. तिला वाटलं, आम्ही तिला परत द्यायला आलोय.

आणि मी? लिफ्टमधल्या प्रश्नांवर चिडणारी मी. ईशान्येकडची लेक आणि तिबेटी आज्या, माझ्याही नजरेत सगळे 'एकसारखे'च होते की!

नवरा एका घरगुती हॉटेलातून मोमो घेऊन आला. आम्ही गाडीतच, मागच्या सीटवर बसून खाल्ले. एक आजी जवळ आल्या. लेकीचा चेहरा बघून काय ते समजल्या असाव्यात. हिंदीत एवढंच म्हणाल्या, "बच्ची को घर ले जाओ. फिर कभी आना."

परतताना काकूंचं ते 'चायना' आठवलं. १९९२ पासून चीननं दीड लाखाहून जास्त मुलं परदेशी घरांत दत्तक दिली. २०२४ मध्ये हे बंद झालं. अमेरिकन आई-बाप व्हिसासाठी ग्वांगझूच्या शामियान बेटावर थांबायचे. तिथल्या 'व्हाइट स्वान' हॉटेलात लाल सोफ्यावर बाळांचा ग्रुप फोटो ठरलेला, भेट म्हणून चिनी बाळ घेतलेली बार्बीसुद्धा मिळायची. फोटोत मोठे हसताहेत आणि बरीच बाळं गोंधळलेली. आपल्यासाठी साइटसीइंग, त्यांच्यासाठी आणखी एक मुक्काम बदलणं.

अंधार पडला तरी लेक झोपेना. गोंदिया गेलं, तरी डोळे टक्क. कामठ्याची वेस आली, घराचं फाटक दिसलं, ओट्यावर सासूबाई दिसल्या. तिनं ओढणी सोडली आणि त्याच क्षणी माझ्या मांडीवर झोपली. 'आई' तेव्हाही म्हणाली नाही. पण परत येतो हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं.

आता बाहेर पडताना आम्ही रोज सांगतो, कुठे जातोय आणि कधी परत येणार. कपड्यांची पिशवी मात्र घरीच ठेवतो.

जायचंय? मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेस, पुणे-कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्स्प्रेस, दोन्ही गोंदियापर्यंत. पुढे गाडी करा. हिवाळा बेस्ट. शिंगाडे चुकवू नका आणि सोबत लहान मूल असेल, तर अंधारापूर्वी घरी या.