न वाचलेल्या पुस्तकाची समीक्षा

'अंगारे' हे नाव आम्ही प्रथम ऐकले ते तौबा करणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून. त्यांतल्या एकानेही पुस्तक पाहिलेले नव्हते. आमचेही मत तिथेच पक्के झाले.

लखनौला १९३२ च्या अखेरीस निघालेला हा उर्दू कथासंग्रह सज्जाद जहीर, अहमद अली, महमूदुज्जफर आणि डॉ. रशीद जहाँ या चौघांचा. अखबारांनी झोडपले, निषेधाचे ठराव झाले, आणि मार्च १९३३ मध्ये संयुक्त प्रांताच्या सरकारने तो जप्त केला. रशीद जहाँ तर 'अंगारेवाली' म्हणूनच बदनाम झाल्या.

१९९५ साली दिल्लीत तो पुन्हा छापला गेला, तेव्हा कुठे वाचता आला. जहीरांच्या काही कथा आम्हांला कच्च्या, मुद्दाम डिवचण्यासाठी लिहिल्यासारख्या वाटल्या. तेवढा आक्षेप रास्तच. पण 'दिल्ली की सैर'चे काय? फरीदाबादची बुरख्यातली बाई स्टेशनवर सामान राखत बसलेली. नवरा दोस्ताबरोबर गायब. तो परततो तेव्हा ती म्हणते, घरीच चला. यात दीनाविरुद्ध काय आहे?

आमच्यातल्या मराठी लिहिणाऱ्यांचीही गत वेगळी नाही. मोहल्ला विचारतो, "आपल्याबद्दल काय लिहिलंस?" समीक्षक 'मुस्लिम जीवनाचे चित्रण' म्हणून मोकळा होतो. कथा कशी उतरली, हे कुणीच बोलत नाही.

ती कथा आम्ही अम्मीला सांगितली. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्या बाईनं दिवसभरात काही खाल्लं का?"