सुपाचा आवाज

दिवाळी सरली, की आमच्याकडे उन्हाचा रंग पालटतो. तोरण्याच्या अंगावरून ते खाली उतरतं तेव्हा त्यात कापलेल्या भाताच्या काडांचा पिवळेपणा मिसळलेला असतो. वेल्ह्याच्या आजोळघरी ते पडवीच्या दारातून तिरपं आत यायचं, सारवलेल्या भुईवर एक लांब पट्टा अंथरायचं, आणि त्या पट्ट्याच्या काठाशी आजी येऊन बसायची. एक पाय पसरलेला, दुसरा गुडघा उभा, पुढ्यात सूप. मग तो आवाज सुरू व्हायचा. सळ्ळ... थप्. सळ्ळ... थप्. तांदूळ वर उडतानाची सळसळ, सुपात परत उतरतानाची मऊ थाप, आणि दोहोंच्या मधला तो एवढासा क्षण, ज्यात दाणे उन्हात तरंगत असायचे आणि कोंडा त्यांचा हात सोडून बाजूला निघून जायचा. आंबेमोहोर असायचा तो. आंब्याला मोहोर यायला अजून दोन-तीन महिने असायचे, पण पडवीत त्याचा वास आधीच येऊन बसलेला असायचा.

किती वर्षं झाली! तरी तो आवाज कानांतून गेला नाही.

आजीला घाई नसायची. पाखडून झालं, की ती सूप हलकेच गोल गोल घोळायची आणि बघता बघता अख्खा दाणा एकीकडे, कणी एकीकडे व्हायची. खडे ती बोटानं वेचून ओट्याखाली टाकायची. कोंडा म्हशीला, बारीक कणी कोंबड्यांना, जाडी कणी सकाळच्या पेजेला. एकदा मी विचारलं, आज्जी, एवढं वेगवेगळं कशाला करायचं? सुपावरची नजर न हलवता ती म्हणाली, "बाय, समदं आपलंच हाय. पर समदं एका डब्यात ऱ्हात न्हाई."

हे वाक्य मला आठवलं ते फार उशिरा, भोरच्या माझ्या घरात, रात्री साडेअकराला, हातातल्या फोनच्या निळसर उजेडात. अंगठा वर सरकत होता. काय पाहते आहे हे विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. कुणाच्या तरी गृहप्रवेशाची रांगोळी, कुणाचा तरी संताप, कुणाचं तरी बाळ, कुणाचं तरी निधन, पुन्हा रांगोळी. आधी ऑर्कुट होतं. शाळेतल्या हरवलेल्या मैत्रिणी तिथे एकेक करून सापडल्या, आणि त्यांचे स्क्रॅप वाचताना छाती भरून यायची. 30 सप्टेंबर 2014 ला ते बंद झालं, तोवर आम्ही साऱ्या जणींनी बिऱ्हाडं फेसबुकवर हलवली होती. मग व्हॉट्सॲप आलं, इन्स्टाग्राम आलं. त्या रात्री मी मोजदाद केली. फेसबुकवर तेराशेच्या वर माणसं, व्हॉट्सॲपवर 43 ग्रुप: माहेर, सासर, सासरची भावकी, शाळेची बॅच, भिशी, गडांवर जाणारे, आणि एका वास्तुशांतीच्या निमंत्रणापुरता केलेला, वास्तुशांत होऊन चार वर्षं उलटली तरी न मोडलेला एक.

आणि या गर्दीतच माझी माणसंही होती, हे खरं दुःख. मामाच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्याचं मामीनं माहेरच्या ग्रुपवर लिहिलं होतं. शेदीडशे सुप्रभातांखाली ते गाडलं गेलं आणि मला कळलं नवव्या दिवशी. मामी रागावली नाही. "तू कामात आसशील," एवढंच म्हणाली. मी कामात नव्हते. मी फोनवरच होते.

आमच्या भोरजवळ भाटघरचं धरण आहे, वेळवंडी नदीवरचं. जवळजवळ शंभर वर्षांचं बांधकाम. एका इंग्रज गव्हर्नराचं नाव घेऊन ते जन्माला आलं, आता जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे. साडेतेवीस टीएमसी पाणी मावतं त्यात. पावसाळ्याच्या उत्तरार्धात ते काठोकाठ भरतं, आणि मग त्याचे 45 स्वयंचलित दरवाजे उघडतात. पाण्याची पातळी एका रेषेला टेकली, की पाण्याच्याच भारानं उघडतात ते. वारा इकडचा असला तर रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्या पाण्याची घरघर ऐकू येते, आणि लहानपणापासून त्या आवाजानं मला गाढ झोप लागत आली आहे. भरलं, हे त्याला कळलं. आता ते सोडून देतं आहे. फोनला मात्र अशी रेषाच कुणी आखली नाही. कधी काळी पडद्यावरच्या पानाला तळ असायचा, तळाशी थांबून पुढचं पान मागावं लागायचं. 2006 मध्ये आझा रास्किन नावाच्या अमेरिकी तरुणानं तो तळ काढून घेण्याची युक्ती शोधली, आणि पुढे त्याचं त्यालाच त्याचं वाईट वाटलं, तसं त्यानं जाहीर बोलूनही दाखवलं. मला त्याच्याबद्दल राग येत नाही. पण माझी रेषा मलाच आखायला हवी होती, आणि मी ती कितीतरी वर्षं आखली नाही.

आणखी एक सांगायचं आहे, ते सांगताना अजून घसा दाटतो. आजोळच्या बाजूला, डोंगराच्या एका घळीत, पावसाळ्यात एक झरा पडतो. आम्ही भावंडं तिथे जायचो. खाली उतरलं, की पाण्याच्या आवाजाशिवाय काही उरायचं नाही. एका आषाढात मी त्याचा फोटो काढला आणि वाटेच्या खुणेसकट टाकला. किती जणांनी तो आवडून घेतला, किती जणांनी पुढे पाठवला, मी पाहत बसले होते. पुढच्या पावसाळ्यात त्या अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागली. लावणीला निघालेल्या बायका डोक्यावर रोपांच्या मुठी घेऊन त्या गाड्यांच्या मधून वाट काढत होत्या, आणि झऱ्याच्या दगडांवर बाटल्या पडल्या होत्या. माझ्यासारखी आणखी किती जणांनी खूण दिली असेल, कोण जाणे. मी दिली होती, एवढं मला पुरे आहे. त्या जागेचं नाव मी इथेही लिहीत नाही.

मग गेल्या कार्तिकात आजोळी गेले. भोरहून चेलाडी फाट्याला उतरून वेल्ह्याची एसटी धरली. कागदोपत्री तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे, पण एसटीतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून वेल्हंच, आणि माझ्याही. आजी नाही आता. पडवीत फरशी आली आहे. उन्हाचा पट्टा मात्र तिथेच, तस्साच पडलेला, आणि त्याच्या काठाशी मामी, पुढ्यात सूप. सळ्ळ... थप्. मी दारातच उभी राहिले. मामीनं वर न बघता सूप माझ्याकडे सरकवलं. मला नीट पाखडता येईना. निम्मे दाणे भुईवर. "जोर लावू नगं," मामी म्हणाली, "वाऱ्याचं वाऱ्याला घिऊ दे."

रेंज त्या घरात ओट्याच्या एका कोपऱ्यातच येते. जेवणं झाल्यावर मी त्या कोपऱ्यात फोन घेऊन बसले आणि तेराशे माणसं एकेक करून सुपात घेतली. एका रात्रीत होणारं काम नव्हतं ते. परत आल्यावरही आठवडाभर चाललं. ज्यांचा चेहराही आठवत नव्हता ती नावं हलकेच निघून गेली, वाऱ्याचं वाऱ्याला. ग्रुप सोडला, की हल्ली फक्त ॲडमिनला कळतं, पण मी प्रत्येक ठिकाणी दोन ओळी लिहून, नमस्कार करून निघाले. कुणाच्या घरातून न सांगता उठून जायची आमची रीत नाही. जी माणसं आपली होती, पण त्या डब्यातली नव्हती, त्यांचे नंबर वहीत उतरवले: शाळेतल्या बाई, जुने शेजारी, धाकटी मावसबहीण.

आणि मग एक नाव आलं, तिथे अंगठा थबकला. माझ्या बाकावरची मैत्रीण. तिला जाऊन सहा वर्षं झाली. तिचं पान अजून तसंच आहे, आंब्याखाली उभी राहून काढलेला फोटो तसाच, आणि दर जानेवारीत तिचा वाढदिवस आल्याची आठवण फोन करून देतो. ती गेल्याचं माहीत नसलेली माणसं तिथे उदंड आयुष्याच्या शुभेच्छा लिहून जातात. दर वर्षी मी ते वाचायची आणि फोन पालथा घालायची. त्या रात्री तिचं नाव मी कितीतरी वेळ हातात धरून बसले. तो कोंडा नव्हता, कणीही नव्हती. मी ते तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या आईला फोन केला. काकूंनी आवाज ओळखला. आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही, आणि ते चाललं.

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचं वडगाव म्हणून गाव आहे, कडेगाव तालुक्यात. 15 ऑगस्ट 2022 पासून तिथे रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि घराघरांतले टीव्ही, मोबाइल बंद होतात. साडेआठला पुन्हा भोंगा होईपर्यंत मुलं अभ्यास करतात, मोठी माणसं एकमेकांशी बोलतात. ग्रामसभेत बसून एका गावानं स्वतःपुरती ती रेषा आखली. वाचलं तेव्हा मला आजीची आठवण झाली. तिन्हीसांजेला दिवा लावला, की ती हातातलं काम बाजूला ठेवायची, मग काहीही असो.

आमच्या आळीला भोंगा नाही. सात वाजले, की मी आपली दिवा लावते, पडदा बंद करते आणि वही उघडते. वहीत सध्या 41 नावं आहेत. रोज त्यातल्या एकाला फोन करते, नुसता आवाज ऐकायला. काल काकूंना केला. आज मामीची पाळी होती. तिनं फोन उचलला आणि म्हणाली, "जरा थांब गं, हातात सूप हाय."