काळ्या मातीतली दुखण्याची शाळा

काळी माती म्हटली की आपल्याला वऱ्हाड आठवते. पण अमेरिकेच्या दक्षिणेत, अलाबामा राज्यातही कापसाच्या काळ्या जमिनीचा एक पट्टा आहे. त्याच्या उत्तरेला, ब्लॅक वॉरिअर नदीच्या काठी टस्कलूसा शहर वसले आहे. नदीवरची झाडी आणि विद्यापीठाच्या विटांच्या इमारती पाहून पाहुणा खूश होतो. पण या मुलखात एके काळी गुलामांनी कापूस वेचला, आणि त्यांच्या कित्येक वंशजांच्या घरचे दारिद्र्य अजून हटलेले नाही.

नदीकाठच्या वाटेवर माझ्या गुडघ्याने संप पुकारला. नाइलाजाने बाकावर टेकलो, आणि जिच्यासाठी हे गाव पाहायचे मनात होते ती हकीकत आठवली.

गरिबाला पाठदुखी, सांधेदुखी चुकत नाही, आणि त्यावर हाताशी उपाय एकच: गोळी. २०१२ साली या राज्यात अफूच्या जातीच्या वेदनाशामकांच्या चिठ्ठ्या दर १०० माणसांमागे सुमारे १४३ निघाल्या. साऱ्या देशात हा आकडा सर्वांत मोठा!

येथील विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ बेव्हर्ली थॉर्न यांनी निराळी वाट धरली. गरिबांच्या दवाखान्यांतले २९० रुग्ण त्यांनी निवडले. त्यांतल्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जणांचे वाचन पाचवीच्याही खालचे होते. म्हणून कागदांतले अवघड शब्द गाळले, मजकूर सोपा केला. काहींचे नेहमीचे उपचारच चालू ठेवले. बाकीच्यांचे गट केले. आठवड्याला दीड तास, असे दहा आठवडे. काही गटांत मन कसे निववावे, दुखायच्या आत विसावा घेत काम कसे उरकावे, हे शिकवले. इतर गटांत दुखणे म्हणजे काय ते समजावून सांगितले, आणि चर्चा केली.

निकाल २०१८ साली छापून आला. दोन्ही तऱ्हेच्या गटांत दुखणे उतरले, हालचाल सुधारली. सहा महिन्यांनीही हालचालीतली सुधारणा टिकून होती. वेदनेचा उतार मात्र टिकला तो नुसते समजावून सांगितलेल्यांचाच! मनाची खिन्नता काही नेहमीच्या उपचारांहून अधिक हटली नाही. म्हणजे ही जादू नव्हे. पण ज्यांच्या हाती आजवर फक्त चिठ्ठी पडत होती, त्यांच्याशी कुणी त्यांना कळेल अशा भाषेत दीड तास बोलले, हे औषध काही थोडे नाही.

मी उठलो. पुढच्या बाकापर्यंत चाललो, आणि गुडघा बोलायच्या आत बसलो. नदी संथपणे वाहत होती. तिलाही घाई नव्हती.