भरतभेट, पवनारची

विरह हा शब्द आपण गाण्यांना आणि प्रेमपत्रांना देऊन टाकलाय. आज पवनारच्या आश्रमात भरत-राम भेटीचं ते जुनं शिल्प पाहिलं आणि तो परत मागून घ्यावासा वाटला. विनोबा १९३८ साली इथे धाम नदीकाठी राहायला आले. पुढे जमीन खणताना हा दगड हाती लागला. त्याआधी, १९३२ साली, धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना त्यांनी लक्ष्मण आणि भरत शेजारी उभे केले होते. एक सतत रामाजवळ. दुसरा चौदा वर्षं लांब राहून रामाचंच राज्य सांभाळणारा. मला भरताचं काम जास्त अवघड वाटतं. जवळ असणाऱ्याला निदान पाय तरी चेपता येतात!

विनोबांनी स्वतः १९१६ साली घर सोडलं. परीक्षेसाठी मुंबईला निघाले, मध्येच सुरतेला उतरले आणि काशीला गेले. सगळे त्याला वैराग्य म्हणतात. बडोद्यात मागे राहिलेल्या आईच्या बाजूने पाहिलं तर तो विरहच. रुक्मिणीबाई १९१८ साली गेल्या. त्यांना हवी होती ती सोप्या मराठीतली गीता, म्हणजे ‘गीताई’, विनोबांनी लिहायला घेतली १९३० साली.