भाच्याच्या दुकानाची छाप

आमच्या घरी उर्दू बोलली जाते आणि तिथे माणूस एकटा असला तरी ‘हम’ म्हणतो. मराठी लिहायला बसलो की त्याचेच ‘आम्ही’ होते. तेव्हा या लेखातल्या ‘आम्ही’ म्हणजे एकटीच बाई समजावी; जिल्हा गोंदिया, पेशा शिक्षिकेचा, विषय उर्दू आणि मराठी. गाड्यांमधले आम्हाला काही कळत नाही. तरी गेल्या पावसाळ्यात दोन महिने आमच्या दस्तरख्वानावर एकच विषय होता: आपाच्या मुलाच्या दुकानाचा लोगो.

भाचा नागपूरला चार वर्षे एका वर्कशॉपमध्ये काम करून परतला. गोंदियाबाहेर बालाघाट रस्त्यावर त्याने एक शेड भाड्याने घेतले आणि कार डिटेलिंगचे काम सुरू करायचे ठरवले. गाडी धुणारे तर चौकाचौकात आहेत, मग यात नवे काय, असे आपाने विचारले. तो म्हणाला, “अम्मी, धुणे म्हणजे रोजची भांडी घासणे. डिटेलिंग म्हणजे कल्हई.” आपाला पुढे काही सांगावे लागले नाही. रंगावर चिकटलेले डांबराचे ठिपके, बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग, राइस मिलच्या रस्त्याने ये-जा करून बसलेली धूळ, हे सगळे हाताने काढायचे, मग पॉलिश, आणि ज्याला परवडेल त्याला वरून सिरॅमिक कोटिंग. कोटिंग केलेल्या बॉनेटवर पाणी पसरत नाही, गोल थेंब होऊन उभे राहते. हा थेंब पुढे कामी आला.

भांडवल म्हणजे आपाच्या दोन बांगड्या आणि मामूंनी दिलेले क़र्ज़-ए-हसना. त्यामुळे पाटीवर काय असावे हा प्रश्न घरात कोणालाच किरकोळ वाटत नव्हता.

‘लोगो’ हा शब्द नवा असला तरी वस्तू जुनी आहे. आपल्या आजोबांच्या पिढीत तिला ‘छाप’ म्हणत. गोंदिया बिडीचे आणि तांदळाचे गाव. ज्याला वाचता येत नसे तो गिऱ्हाईक बंडलावरचे किंवा पोत्यावरचे चित्र पाहून माल मागायचा. उर्दूत मुहर आहे, तुग़रा आहे. उस्मानी सुलतानांच्या फर्मानांच्या माथ्यावर सुलतानाचे आणि त्याच्या वडिलांचे नाव एकमेकांत गुंफून तुग़रा काढलेला असे; नक्कल करणाऱ्याच्या हाताला ते वळण सहज येत नसे. आणि प्रेषितांची (स.) अंगठी तर वाचकांना ठाऊकच आहे. बाहेरच्या राजांना पत्रे पाठवायची ठरली तेव्हा, मुहर नसलेले पत्र ते वाचत नाहीत, असे सांगण्यात आले. म्हणून चांदीची अंगठी करवून घेतली गेली आणि तिच्यावर तीन ओळींत तीन शब्द कोरले गेले. मुहर शोभेसाठी नव्हती. हे लिहिणारा मीच आणि याला बांधील मीच, एवढे ती सांगत होती.

भाच्याला मात्र मर्सिडीजचा तारा हवा होता. तीन टोकांचा तो तारा, खाली इंग्रजीत ‘ऑटो स्पा’. “मी त्या गाड्यांचेही काम करणार आहे ना, खाला!” अमुक कंपनीच्या गाड्यांचे काम इथे होते, असे साध्या शब्दांत खरेपणाने लिहायला १९९९ चा ट्रेडमार्क कायदा आडवा येत नाही. पण तिचे चिन्ह आपल्या चिन्हात बसवले की आपण तिचीच शाखा आहोत असा भास होतो, आणि तिथे मात्र कायदा आडवा येतो. हे आम्ही समजावले, पण त्याच्यावर परिणाम झाला तो आपाच्या बोलण्याचा. तिने त्याला आठवडाभर रस्त्यावर उभे राहून अशा गाड्या मोजायला सांगितल्या. एक दिसली, तीही छत्तीसगड पासिंगची.

दुसरा नमुना त्याने फोनवर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ॲपकडून काढून घेतला. चित्र झकास होते. गाडी अशी चकाकत होती की जणू आत्ताच आकाशातून उतरली. खाली शिरोरेषाही होती. फक्त शिरोरेषेखाली जे लटकत होते ते कोणत्याही वर्णमालेत नाही. कोणाचा तरी आग्रह पडला की सारस पक्षी घ्या. तो आपल्या जिल्ह्याची शान, महाराष्ट्रात धानाच्या बांधीत तो पाहायचा तर बहुतेक वेळा गोंदियालाच यावे लागते. सजीवाचे चित्र असावे की नसावे यावर आमच्या घरात एक संध्याकाळ गेली असती. पण चित्र फोनवरच्या गोल चौकटीएवढे लहान केले तेव्हा सारसाचे पायच दिसेनासे झाले आणि वाद आपोआप मिटला.

आपाला नावात ‘नूर’ हवे होते. शब्द कामाला अगदी चपखल, आणि कानालाही गोड. पण नूर म्हटले की आपल्या मनात अन्-नूर येतेच. ते अल्लाहच्या नावांपैकी एक आणि कुरआनच्या चोविसाव्या सूरहचेही नाव. तशी साध्या ‘नूर’ला हरकत नाही. आमच्या वर्गात दर वर्षी एखादी तरी नूर असते आणि तिला आम्ही रागावतोही. अडचण निघाली ती पायपोसाची. डिटेलिंग झालेल्या गाडीत, बुटांची माती लागू नये म्हणून, खाली कागदी मॅट घालून देतात आणि त्यावर दुकानाचा लोगो छापलेला असतो. गिऱ्हाईक त्यावर बूट ठेवून घरी जातो आणि तो कागद चुरगाळून कुठेतरी टाकतो. उर्दू वर्तमानपत्रात बांधून समोसे आले तर आपा तो कागद पुसून माळ्यावर ठेवते. तिला पायपोसाचे चित्र डोळ्यासमोर आले आणि ती गप्प झाली. “मग मॅटवर छापू नका,” कोणीतरी म्हणाले. भाचा म्हणाला, “जी सगळीकडे लावता येत नाही ती छाप कसली?” त्याचे बरोबर होते.

शेवटी चकाकीच्या अर्थाचा तीन अक्षरांचा साधा मराठी शब्द ठरला. तो इथे लिहीत नाही. लेखाची जाहिरात होईल आणि संपादकांना बिल पाठवावे लागेल.

शब्द ठरल्याचे कळताच एक हितचिंतक मुद्दाम अभिनंदन करायला आले. “हे बरे केलेत. नाव असेच असावे, कोणाचे दुकान आहे ते कळता कामा नये. दिवस कसे आहेत ते तुम्ही जाणताच.” त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. चहा पिऊन ते गेले, पण भाचा दोन दिवस नीट जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने विचारले, “खाला, आपण नाव लपवतोय का?”

या प्रश्नाला आम्ही बाईपणाचे उत्तर दिले नाही. शब्द आपण पायपोसासाठी निवडला होता आणि गिऱ्हाइकांच्या तोंडी बसावा म्हणून निवडला होता. पण सांगणाऱ्याने त्याचा जो अर्थ काढला तोही आता त्या शब्दाला चिकटला होता, आणि तो पॉलिश करून निघणारा नव्हता. शिवाय लपवणार कुठे? पैसे द्यायला गिऱ्हाइकाने क्यूआर कोड स्कॅन केला की फोनवर मुलाचे पूर्ण नाव उमटते. पावतीवर सही त्याचीच. गाडीची चावी लोक ज्याच्या हातात देतात त्याचे नाव त्यांना माहीत असावे, असे आम्हाला वाटते. चावी घेणाऱ्यालाही तसेच वाटायला हवे. ठरवायचे त्याने होते. त्याने ठरवले: पाटीवर लोगोच्या खाली ‘प्रोप्रायटर’ आणि पुढे संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, मराठीत. त्याच्या नावात मुहम्मद आहे, म्हणून पायपोसावर नाव नाही, नुसता लोगो. पाटीवर आणि पावतीवर दोन्ही. आपा घाबरली होती हे खरे. तिने त्या रात्री दोनदा उठून पाणी प्यायले. नाव पाहून कोण आलेच नाही हे कळायला काही मार्ग नसतो. जे येतात ते चावी देऊन बाकावर पेपर वाचत बसतात.

अक्षरे काढून दिली ती आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीने. ती तिरोड्याला राहते, घरी बसून डिझाइनचे काम करते आणि शाळेत असताना तिची सुलेखनाची वही आम्ही इतर वर्गांत दाखवायला नेत असू. तिने शिरोरेषा कापडाच्या फटक्यासारखी काढली, डावीकडे बारीक, उजवीकडे रुंद होत जाणारी, क़लम तिरका धरून ओढल्यासारखी. आणि कोटिंगवर उभा राहतो तसा एक थेंब ठेवला, शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर. दिसायला सुरेख. पण देवनागरीत डोक्यावरचा थेंब म्हणजे अनुस्वार! शब्द नाकात जायला लागला. अक्षराच्या खाली घेतला तर नुक़्ता झाला. उर्दू शिकणाऱ्या मुलांना आम्ही पहिल्याच महिन्यात सांगतो की ‘खुदा’ आणि ‘जुदा’ यांत फरक एका ठिपक्याच्या जागेचा आहे, वर की खाली. तोच धडा इथे पुन्हा. शेवटी थेंब शिरोरेषेच्या टोकापलीकडे, मोकळ्या जागेत गेला, जणू आत्ताच ओघळणार.

त्या थेंबाचे माप किती, यावरही आम्ही तिच्यासोबत एक दुपार घालवली, आणि खरे सांगायचे तर त्या दोन महिन्यांतली तीच सगळ्यांत सुखाची दुपार. बग़दादच्या इब्न मुक़लाने दहाव्या शतकात अक्षरांना प्रमाण दिले ते ठिपक्याच्या मापाने. ज्या क़लमने लिहायचे त्याच क़लमचा एक ठिपका हे एकक, आणि अलिफ़ची उंची इतके ठिपके, बाकी अक्षरे त्या हिशेबात. तेच माप आम्ही मराठी अक्षरांना लावून पाहिले. थेंब एक, अक्षराची उंची पाच. इतर सगळ्या मापांपेक्षा ते डोळ्याला शांत वाटले. का, ते विचारू नये.

आता पैशांचे. आपा म्हणाली, “घरचीच मुलगी आहे, मिठाई देऊ.” ही ‘घरचीच मुलगी’ आपल्या समाजात फार मुलींचे फार तास खाऊन बसली आहे. शिवण असो, मेंदी असो की संगणकावरचे काम, मुलगा दुकान टाकून बसला तर त्याला दर विचारतात, मुलगी घरात बसून तेच करते तर तिला दुआ देतात. अमेरिकेत १९७१ साली कॅरोलिन डेव्हिडसन नावाच्या विद्यार्थिनीने नायके कंपनीची ती प्रसिद्ध खूण काढून दिली, तिला ३५ डॉलर मिळाले. कंपनी मोठी झाल्यावर १९८३ मध्ये तिला अंगठी आणि शेअर दिले गेले. बालाघाट रस्त्यावरचे शेड काही नायके होणार नाही, म्हणून हिशेब आत्ताच व्हायला हवा, असे आम्ही म्हणालो. रक्कम ठरली, निम्मी आधी, निम्मी पाटी लागल्यावर. आणि ती लिहून काढली. सूरह बक़रामधली सर्वांत लांब आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे हे आपाला आमच्यापेक्षा चांगले माहीत, त्यामुळे लिहिण्याला तिने विरोध केला नाही. कागद कायद्यासाठीही लागतो. चित्राचा हक्क दुसऱ्याच्या नावावर करायचा तर तो लेखी लागतो आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर कॉपीराइट कायदा ती फक्त ५ वर्षे धरतो. आम्ही ‘कायमस्वरूपी’ लिहिले. ट्रेडमार्कची नोंदणीही करायची आहे. गाड्यांची देखभाल आणि सफाई ३७ व्या वर्गात येते, छोट्या व्यावसायिकाला ऑनलाइन अर्जाची फी ४,५०० रुपये, नोंदणी १० वर्षांची. ती बांगड्यांतून निघणार नाही, धंद्यातून निघेल तेव्हा.

फ्लेक्सवाल्याकडे वेगळीच गंमत. त्याच्या संगणकावर वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसली आणि ‘प्रोप्रायटर’चे जोडाक्षर फुटले. यावर उपाय सोपा: मजकूर टाइप करून न देता अक्षरांच्या रेषा करून द्याव्यात, म्हणजे कुठल्याही फॉन्टला हात घालायला जागा राहत नाही. इंग्रजी ओळ हवी की नको यावर भाच्याने पुन्हा एकदा तोंड उघडले. २०२२ च्या दुरुस्तीपासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानालाही पाटी मराठीत, देवनागरीत लावावी लागते आणि दुसऱ्या लिपीतली अक्षरे मराठीपेक्षा मोठी चालत नाहीत. इंग्रजी ओळ राहिली, खाली, लहान.

पाटी लागली त्या संध्याकाळी उरलेली निम्मी रक्कम तिरोड्याला पोहोचली. पुढच्या आठवड्यात कामाच्या टी-शर्टवर भरतकाम करणाऱ्याने निरोप पाठवला की थेंब फार बारीक आहे, सुईला पकडता येत नाही, मोठा करून द्या. मुलीने शिवणापुरती वेगळी प्रत करून दिली आणि तिचे तीनशे रुपये मागितले. आपाने पदराच्या गाठीतून काढून दिले आणि भाच्याला म्हणाली, “पावती घे.”