पहिली दहा मिनिटे

आमच्याकडे वेळापत्रकाची कमतरता नाही. पहाटेच्या पी.टी.पासून रात्रीच्या लाइट्स आउटपर्यंत प्रत्येक तास कशासाठी आहे हे आधीच ठरलेले असते. फोन जवळ नसतो. अशा ठिकाणी अभ्यासाची टाळाटाळ होतच नसेल, असे सुट्टीत भेटणाऱ्या काका-मामांना वाटते. त्यांना एकदा संध्याकाळच्या प्रेपला आणून बसवले पाहिजे.

प्रेपची घंटा होते, सगळे जागेवर बसतात आणि मग एकेकाला महत्त्वाची कामे आठवू लागतात. कोणी वहीला नवे कव्हर घालतो. कोणी पेन्सिलीला टोक काढतो आणि ते तुटेपर्यंत काढतच राहतो. कोणी चार रंगांच्या पेनांनी परीक्षेपर्यंतचे वेळापत्रक आखतो, आणि ते आखण्यातच त्या दिवशीचा अभ्यास संपतो. मागच्या बाकावर एकाला बेल्टचे बकल घासायची हुक्की येते, आणि परेडच्या दिवशी येत नाही अशी चकाकी त्याला मंगळवारच्या प्रेपमध्ये येते. आजी याला ‘नमनाला घडाभर तेल’ म्हणते.

यातला कोणीही आळशी नाही. हीच मुले सकाळी न कुरकुरता क्रॉस कंट्री धावलेली असतात. मग पाच किलोमीटर पळणारे पाय गणिताच्या पहिल्या पानापाशीच का अडखळतात?

टिमोथी पिचिल आणि फ्युशिया सिरॉइस हे मानसशास्त्रज्ञ अनेक वर्षे टाळाटाळ याच विषयावर काम करत आले आहेत. त्यांचे म्हणणे असे की, टाळाटाळीचा संबंध घड्याळापेक्षा मनाच्या अवस्थेशी जास्त असतो. एखादे काम अवघड, कंटाळवाणे किंवा भीतिदायक वाटते. ते बाजूला ठेवले की मनाला लगेच बरे वाटते. त्या क्षणभराच्या बरे वाटण्यासाठी आपण काम पुढे ढकलतो. म्हणून नवे वेळापत्रक आखून फारसा उपयोग होत नाही. अडचण तासांची नसून त्या पहिल्या अस्वस्थ मिनिटांची असते.

माझ्यासाठी ही मिनिटे गणिताची आहेत. मला एनडीएमधून हवाई दलात जायचे आहे. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही लागतात. एनडीएच्या लेखी परीक्षेत ९०० पैकी ३०० गुण एकट्या गणिताचे असतात. आणि मला सगळ्यात जड जाणारा विषय तोच आहे. पुढच्या वर्षी बाबांची मराठा लाइट इन्फन्ट्रीतली नोकरी संपेल. घरात यावर कोणी काही बोलत नाही, पण दहावीच्या बोर्डाच्या निकालाकडे सगळ्यांचे डोळे आहेत, हे मला कळते. इतके ओझे असलेले पुस्तक उघडताना हात जड होतो. ओझे कमी करणे माझ्या हातात नाही. पुस्तक कसे उघडायचे, एवढे मात्र आहे.

याबाबतीत मला सगळ्यात जास्त धीर देणारी गोष्ट आपल्याच शहरात घडलेली आहे. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला पहिली आलेली कमला भागवत नावाची मराठी मुलगी मल्लेश्वरमजवळच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला आली. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण, पुढे कमला सोहोनी म्हणून प्रसिद्ध झाली. वडील आणि काका दोघेही याच संस्थेत शिकलेले. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिक विजेते सर सी. व्ही. रामन. ती मुलगी आहे एवढ्याच कारणाने त्यांनी प्रवेश नाकारला. तिने माघार घेतली नाही. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर: पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करावे लागेल, आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये.

या अटी अन्यायाच्या होत्या, त्यांचे कौतुक करण्यासारखे काही नाही. मला विचार करायला लावते ती पुढची गोष्ट. त्या प्रयोगशाळेत तिने काम केले नाही म्हणून कोणाला वाईट वाटले नसते. तिला हाक मारून जागेवर बसवणारी घंटा नव्हती. आपले स्वागत होईल, मग मन लागेल, मग सुरुवात करू, असे म्हणायची सोयही नव्हती. श्रीनिवासय्या नावाच्या कडक शिक्षकांच्या हाताखाली तिने दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम सुरू केले. वर्षभरात रामन यांचे समाधान झाले आणि त्यानंतर संस्थेची दारे मुलींना उघडली. पुढे केंब्रिजला तिने अवघ्या चौदा महिन्यांत संशोधन करून चाळीस पानांचा प्रबंध लिहिला. १९३९ साली तिने पीएच.डी. मिळवली.

कमलाबाईंच्या बुद्धीशी मी बरोबरी करणार नाही. मी त्यांच्याकडून एकच गोष्ट घेतली आहे: मन तयार होण्याची वाट न पाहता हात कामाला लावायचा. बाबा हेच त्यांच्या भाषेत सांगतात. “सेंट्री ड्युटीला उभं राहायचा मूड कुणालाच येत नाही. आधी उभं राहायचं, मग डोळे आपोआप उघडतात.”

आता मी काय करतो ते सांगतो. तीनच गोष्टी आहेत.

पहिली म्हणजे दहा मिनिटांचा करार. बसल्यावर मी स्वतःला ‘आज पूर्ण धडा’ असे सांगत नाही. दहा मिनिटे फक्त गणित, त्यानंतर हवे तर पुस्तक बंद, एवढेच सांगतो. बहुतेक वेळा दहा मिनिटांनंतर पुस्तक बंद करावेसे वाटत नाही, कारण भीती पहिल्या पायरीवरच बसलेली असते. पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली मांडले की ‘मी अभ्यास करीन’ या निश्चयापेक्षा ‘अमुक झाले की मी तमुक करीन’ असा नेमका बेत जास्त पाळला जातो. आपल्याला हे वेगळे शिकवायला नको. काशन मिळाले की पाय हलतो, त्यावर विचार होत नाही. माझे काशन असे: बाकावर बसलो की पेनाचे टोपण काढायचे आणि पहिल्या गणितातली दिलेली माहिती उतरवायची.

दुसरी गोष्ट, प्रेप संपताना पुढच्या गणिताची आकृती काढून ठेवायची आणि ते गणित तसेच सोडायचे. मनोऱ्याची उंची, जमिनीवरचे अंतर, उन्नत कोन, सगळे मांडलेले. दुसऱ्या दिवशी कोरे पान समोर नसते, अर्धे काम वाट बघत असते. आकृतीच्या मानाने कोरे पान फार घाबरवते.

तिसरी गोष्ट, पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवायचे. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या काही गटांनी उतारा परत वाचला आणि काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. चौथ्यांदा वाचताना आपण अभ्यास करतोय असे वाटते, पण बऱ्याचदा तीही सभ्य कपड्यांतली टाळाटाळच असते. ‘मला हे येते का?’ हा अवघड प्रश्न तिथेही पुढे ढकललेला असतो.

या तिन्ही गोष्टींची खरी कसोटी सुट्टीत लागली. बेळगावच्या घरी बिगुल नाही, हाउस मास्टर सर नाहीत, आणि आईचा फोन टेबलावरच पडलेला असतो. बारा दिवसांपैकी तीन दिवस गावी आजीकडे गेले. उरलेल्या नऊ दिवसांत रोज सकाळी चहाचा कप धुऊन ठेवला की गणित, असे काशन मी स्वतःलाच दिले. कधी दहा मिनिटे झाली, कधी दीड तास. पण नऊही दिवस सुरुवात झाली. माझे गणित एकदम सोपे झाले असे नाही. उंची आणि अंतराच्या धड्याची भीती मात्र आता नेहमीच्या अभ्यासाइतकीच राहिली आहे.

ज्युनियर मित्रांनो, इथली घंटा आपल्याला सात वर्षे उठवते, बसवते, झोपवते. तिचे उपकार आहेतच. पण बारावीनंतर ती आपल्याबरोबर येणार नाही. तोपर्यंत स्वतःला काशन द्यायला शिकलो नाही, तर तहान लागल्यावर विहीर खणायची वेळ येईल. घोडामैदान जवळच आहे.

आणि आई-बाबांना एक विनंती. रविवारी फोनवर “अभ्यास झाला का?” असे तुम्ही विचारता, त्याला आम्ही सगळे एकच उत्तर देतो, ते तुम्हालाही पाठ झाले असेल. पुढच्या रविवारी “आज सुरुवात कशापासून केलीस?” असे विचारून बघा. आम्हाला थोडे थांबून, खरे उत्तर द्यावे लागेल.