क्षमता : १०

दोन वस्तू जितक्या सारख्या, तितकी त्यांतली निवड अवघड. भाषेच्या अभ्यासकाला हे नवे नाही. शब्दकोशात 'नौका' आणि 'होडी' शेजारी नांदतात. पण आपण 'जीवननौका' म्हणतो, 'जीवनहोडी' कोणी म्हणत नाही. भेद कळतो तो वापरात, शब्दावर भार पडल्यावर.

हा विचार गेल्या हिवाळ्यात नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या काठी मनात आला. थोरले बंधू चार दिवसांनी परदेशी परतणार होते. आईचे वय ब्याऐंशी. तिची इच्छा एकच : सगळ्यांनी एकदा एकाच बोटीत बसावे. आम्ही लहानथोर मिळून दहाजण होतो.

धक्क्याला दोन पाँटून बोटी उभ्या होत्या. दोन लांब, पोकळ, हवाबंद नळकांड्यांवर सपाट फळी, म्हणजे तराफ्याचेच सुधारलेले रूप. प्रयागच्या कुंभमेळ्यात पिपांचे तरते पूल उभारतात, त्यांचे तत्त्वही हेच. दोन्ही बोटींची लांबी, रंग, भाडे सारखे. पहिलीवर छत आणि गाद्या होत्या. मुलांनी ती मनोमन निवडूनही टाकली. दुसरी उघडीबोडकी, पण तिच्या नळकांड्यांमधले अंतर अधिक होते. हे अंतर वाढले की बोट एका अंगाला कलण्यास अधिक विरोध करते. पक्षी दिसताच सगळे एकाच कठड्याकडे धावतात, तेव्हा या विरोधाचे मोल कळते. शिवाय छत वारा धरते, हेही खरेच.

तरीही निर्णय झाला तो निराळ्याच कारणाने. दोन्ही बोटींवर एकच मजकूर रंगवलेला होता : 'क्षमता १०'. या दहांत नावाडी धरायचा की नाही, असे मी दोघांनाही विचारले. पहिला हसून म्हणाला, "साहेब, मी वेगळा. आणि लहान मुलं कोण मोजतं?" दुसरा म्हणाला, "माझ्यासकट दहा. मुलंही माणसंच."

संहिता एक, वाचने दोन. वर्गात आपण अशा संदिग्धतेचे स्वागत करतो, अनेकार्थता हा गुण मानतो. पाण्यावर तो गुण राहत नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली. बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका बुडून गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती आणि अनेकांच्या अंगात जीवरक्षक जाकीट नव्हते. तिथेही एक आकडा होता, आणि तो कोणीतरी सैलपणे वाचला होता.

आम्ही दुसरी बोट घेतली. अर्थात दहाजणांना ती एका खेपेत नेणार नव्हती. कोणी एक काठावर राहणे भाग होते. "मी थांबते," आई म्हणाली. थोरल्या बंधूंनी ते ऐकले नाही. त्यांनी दोन फेऱ्यांचे पैसे भरले, आईला जाकीट घातले आणि दोन्ही फेऱ्यांत तिलाच मधल्या बाकावर बसवले. पहिल्या फेरीत पाचजण तिच्यासोबत गेले, दुसरीत उरलेले चौघे.

सगळे एका वेळी एका बोटीत बसले नाहीत. तिची इच्छा अक्षरशः पुरी झाली नाही; पण प्रत्येकजण तिच्या बोटीत बसून आला. अर्थ सैल न करताही वाक्य पुरे करता येते, त्याला कधीकधी दुसरी ओळ लागते इतकेच.